यादीबाहेरचं दुखणं

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सोबत एकशे चार सुटी पानं पाठवतेय. काही वहीची आहेत, काही चित्रकलेची, दोन-तीन बाबांच्या प्रवचनांच्या मागच्या कोऱ्या बाजू आहेत (त्याबद्दल माफी, पण ती चांगली जाड असतात). यांचं एक पुस्तक बांधून देशील का? पुठ्ठा काळा. वर नाव नको. तू जुन्या गीतपुस्तकांना घालतेस तसली पक्की शिवण हवी, कारण ते रोज उघडलं जाणार आहे.

दोन अटी आहेत. एक, बाबांना सांगायचं नाही. दोन, वाचायचं नाही. शाळेचा प्रकल्प आहे, आणि प्रकल्प पूर्ण व्हायच्या आधी कुणी वाचला की माझा मूडच जातो.

तुला फोनवर ऐकू येत नाही ही गोष्ट पहिल्यांदाच सोयीची वाटली. पत्र कुणी उघडत नाही. माझा फोन मात्र बाबा अधूनमधून बघतात.

बाबा बरे आहेत. आईची पाठ दुखतेय.

तुझी,
भिंगरी


११ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं पुडकं मिळालं. आता शांतपणे बस आणि ऐक.

पुस्तक बांधणाऱ्या माणसाला ‘वाचू नकोस’ म्हणणं म्हणजे न्हाव्याला ‘डोक्याला हात लावू नकोस’ म्हणण्यासारखं आहे. शिवायच्या आधी मी एक-एक पान जुळवते. कुठलं उलटं लागलंय, कुठलं गहाळ आहे, कुठल्या पानाची शाई ओली आहे, ते बघितल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही. तीस वर्षांत एकदाच न बघता शिवलं होतं, आणि अख्ख्या मंडळीने एका रविवारी गाण्याचं तिसरं कडवं आधी म्हटलं होतं.

तर मी बघितलं. पहिल्याच पानावर तू ठसठशीत लिहिलंयस, ‘विक्का: माझा मार्ग’. मी चष्मा पुसून परत बघितलं. पुढे मेणबत्त्यांचे रंग. पुढे पुदिना, लवंग, खडेमीठ यांचे गुण. पुढे चंद्राची देवी. पुढे वर्तुळ कसं आखायचं. आणि अठ्ठेचाळिसाव्या पानावर: ‘काचेच्या बरणीत मीठ, पुदिना, तिचे केस (कंगव्यातले), आणि चिठ्ठी. झाकण मेणाने बंद.’

कुणाचे केस गं? वर्गातली कुठली पोरगी तुझ्याशी भांडली का? तू कुणाला काही करायला निघालीयस का?

मी तुझ्यावर ओरडत नाहीये. ओरडणार होते, पण लिहून ओरडता येत नाही, मध्येच शाई संपते. तुझ्या बापाने तुला या हातांवर दिली तेव्हा तू एक दिवसाची होतीस. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तुझं दृढीकरण आहे, तू सगळ्यांसमोर उभी राहून ‘हो, मी मानते’ म्हणणार आहेस. आणि इकडे हे! पाळकांची मुलगी! मला भीती वाटली, खरं सांगते.

पण तिच्या जोडीला दुसरंही काहीतरी आलं. मला हे समजून घ्यायचंय. यात तुला काय मिळतं? आमच्याकडे नाही असं काय आहे त्यात? नीट सांग. ‘तुला नाही कळणार आत्या’ असं लिहिलंस तर पानं खळीत बुडवीन.

शिवण अजून सुरू केलेली नाही. बघू.

तुझी,
आत्या


१९ सप्टेंबर

आत्या,

पकडलं गेल्यावर माणूस जितकं शरमतं तितकी मी शरमले. दोन दिवस. मग मला राग आला. मग तुझं ते गाण्याचं तिसरं कडवं आठवलं आणि हसायला आलं. आता लिहितेय.

पहिलं, विक्का म्हणजे निसर्ग आणि चंद्र मानणाऱ्यांचा पंथ, आणि त्यातली चेटकीण म्हणजे झाडूवर बसणारी नव्हे. विक्कात सैतान वगैरे काही नाही, तो तुमच्याकडचा आहे. पहिला नियम असा की कुणालाही इजा करायची नाही. त्यामुळे केसांची काळजी करू नकोस. कुणाचे ते सांगणार नाही, पण भांडण-बिंडण काही नाहीये.

दुसरं, मला काय मिळतं. माझ्या वर्गातल्या चष्मिशने मला पहिलं पुस्तक दिलं. तिला मी विचारलं, यात करायचं काय असतं? ती म्हणाली, करायचं! हाच तर फरक आहे. आत्या, चर्चमध्ये मी काय करते? बसते. उठते. बसते. गाते. प्रभुभोजनाची मांडणी मोठी माणसं करतात, वाचन ठरलेल्या तिघांतलं कुणीतरी करतं, आणि मुली खुर्च्या रचतात. पंधरा वर्षं मी दर रविवारी तिथे आहे आणि एकदाही माझ्या हाताने काही पेटवलेलं नाही. इथे मी मेणबत्ती लावते. माझ्या हाताला मेणाचा वास येतो. मिठाला हात लागतो. मला वाटतं ते मी माझ्या शब्दांत बोलते, आणि बोलायच्या आधी कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

तिसरं, चंद्र. तो रोज वेगळा असतो. आणि कमी होतो तेव्हा कुणी त्याला ‘असं चेहरा पाडून बसू नये, आनंदी राहावं’ असं सांगत नाही. कमी होणं हाही त्याचा भागच असतो. चर्चमध्ये सगळे कायम पौर्णिमेसारखे असतात. ‘कसे आहात?’ ‘प्रभूच्या कृपेने उत्तम!’ आत्या, सगळेच कसे काय उत्तम असू शकतात गं?

चौथं असं की तिथे देवाला बाई म्हणता येतं. बस, एवढंच. मला ते बरं वाटतं.

दृढीकरणाचं मला माहीत नाही. त्याच्या रविवारच्या वर्गात सगळी उत्तरं मला येतात. उत्तरं येणं म्हणजे मानणं का? खोटं ‘हो’ म्हणायचं नाहीये मला, आणि ‘नाही’ म्हटलं तर बाबांची मान खाली जाईल.

हे तू कुणालाही सांगायचं नाहीस. मी फक्त तुला सांगितलंय.

भिंगरी

ता. क. आईची पाठ अजून तशीच.


२७ सप्टेंबर

लाडके भिंगरे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाद घालायला, दुसऱ्यांदा चुका काढायला, आणि तिसऱ्यांदा नुसतंच.

परवा संध्याकाळी खळ शिजत ठेवून मी गच्चीवर गेले, चंद्र बघायला. साठी उलटली माझी, पण तो कुठल्या बाजूने वर येतो हे मला धड माहीत नव्हतं! शेजारचा घड्याळजी वाळलेले कपडे काढायला आला होता, त्याने दाखवला. पाण्याच्या टाकीमागून चांगला थाळीएवढा वर आला. मी उभीच राहिले. खळ करपली ती करपलीच. आपल्या देवानेच केलाय तो, आणि मी इतकी वर्षं एकदाही बघून ‘वा’ म्हटलं नव्हतं. एवढ्यापुरती तुझी चष्मिश जिंकली.

खुर्च्यांचंही तुझं खरं आहे. मी तुझ्या वयाची असताना मला वेदीवरचं कापड इस्त्री करायला द्यायचे, आणि ते करताना मला वाटायचं की आख्खं चर्च माझ्या हातावर चालतंय. आता ते कापड धुलाईवाल्याकडे जातं. कुणाच्याही हातात काही उरलेलं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पण आता माझंही ऐक. तुझ्या पानांत एक गोष्ट मला खुपते. सगळं तुझ्यावर आहे. वर्तुळ नीट आखलं तर काम होणार. शब्द चुकला तर होणार नाही. मन पुरेसं एकाग्र नसेल तर होणार नाही. बासष्टाव्या पानावर तू लिहिलंयस, ‘आज पण काही झालं नाही, माझ्यातच शक्ती कमी आहे.’ पोरी, पंधरा वर्षांच्या खांद्यावर एवढं? आम्ही मागतो, भिंगरे. चालवत नाही. मागणाऱ्याचे हात रिकामे असले तरी चालतात. मला यातला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो, सैतान-बैतान राहू दे बाजूला.

आणि आता माझं कुतूहल. पान सत्तरपासून शंभरपर्यंत तू समासात गोळे काढलेयस, रोजचा एक, तारखेसकट. कधी पूर्ण काळा, कधी अर्धा, कधी कोरा. मी म्हटलं, चंद्राच्या कला. पण बांधणाऱ्याची सवय, मी कॅलेंडर घेऊन ताडून बघितलं. ११ ऑगस्टला अमावास्या, तुझा गोळा काळा. बरोबर. पण पुढचे नऊ दिवस काळाच! इतके दिवस चंद्र कुठे दडी मारून बसला होता? २६ ला चांगली पौर्णिमा, आणि तुझा गोळा अर्धा. एवढी हुशार मुलगी चंद्र चुकणार नाही. मग हे गोळे कसले?

शिवण अजून अडलेलीच आहे, माझ्या मनातच ठरत नाही. तुझ्यासाठी प्रार्थना मात्र चालू आहे, एकटीची नाही, चांगली भक्कम.

आत्या


८ ऑक्टोबर

आदरणीय आत्या,

काल रविवारी उपासनेत बाबांनी प्रार्थनेची यादी वाचली. मूतखडा, डोळ्याचं ऑपरेशन, कुणाच्या तरी मुलाची नोकरी. आणि मग सातवा विषय. मला तो पाठ झालाय. ‘एका पंधरा वर्षांच्या मुलीसाठी, जी ख्रिस्ती घरात वाढूनही चंद्राला भजू लागली आहे आणि कुणाच्या तरी केसांवर चेटूक करते आहे.’

मी तिसऱ्या बाकावर बसले होते.

बाबांना कळलं नाही ती कोण. त्यांनी कागद खाली ठेवला आणि मनाने एक वाक्य जोडलं. ‘त्या मुलीच्या आईवडिलांसाठीही प्रार्थना करू या, इतके दिवस त्यांचं लक्ष कुठे होतं?’ सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. माझ्या बापाने माझ्यासाठी प्रार्थना केली आणि त्याला माहीतच नव्हतं.

बाहेर पडताना बायका अंदाज बांधत होत्या. शिवणकाम करणाऱ्या काकूंची थोरली असेल, ती केस रंगवते ना. ती बिचारी काल कुणाशी न बोलता घरी गेली.

तुम्ही सांगितलंत. मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

आणि तुम्हाला गोळ्यांचं कुतूहल होतं ना? ते चंद्राचे नाहीतच. ते आईचे आहेत. काळा म्हणजे ती दिवसभर उठली नाही. अर्धा म्हणजे उठली, पण केस विंचरले नाहीत किंवा जेवली नाही. कोरा म्हणजे उठली, आंघोळ केली, माझ्याशी बोलली. कोरे मोजा, चारच आहेत. ते केसही तिचेच. ती बरी व्हावी म्हणून बरणी होती ती. चेटूक!

तिची पाठ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती. फेब्रुवारीपासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. बाबा सगळ्यांना पाठ सांगतात. मी म्हटलं होतं, आपण यादीत घालू या ना आईचं. बाबा म्हणाले, हे घरातच राहू दे, लोक म्हणतील पाळकाच्याच घरात विश्वास नाही. म्हणजे अख्ख्या जगाच्या मूतखड्यासाठी मी प्रार्थना करायची, आणि माझ्या आईसाठी तोंड मिटून बसायचं. म्हणून मी अशी जागा शोधली जिथे कुणाला न विचारता काहीतरी करता येतं. कळलं?

तुम्ही लिहिलंत, मागणाऱ्याचे हात रिकामे चालतात. मला मागायलाच बंदी होती.

माझी पानं परत पाठवा. बांधू नका.


१४ ऑक्टोबर

भिंगरे,

तू मला ‘तुम्ही’ म्हणालीस. या जन्मात पहिल्यांदा. ते वाचलं तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवली आणि रडले. रडायचा हक्क मला नाही, तरी रडले.

मी चुकले. आडपडदा न ठेवता सांगते. त्या केसांची मला भीती वाटली, आणि भीती वाटल्यावर तुला परत विचारायच्या ऐवजी मी आमच्या यादीवाल्या बाईंना चिठ्ठी दिली. मनात म्हटलं, नाव तर घातलं नाही. मला वाटलं, आमच्या बुधवारच्या अकरा म्हाताऱ्या वाचतील आणि संपेल. जुलैपासून आपल्या भागातल्या सातही मंडळ्यांची, म्हणजे तुमच्याही चर्चची, यादी एकच झालीय, हे आमच्या पाळकांनी वेदीवरून तीनदा जाहीर केलं होतं म्हणे. मला काय ऐकू येणार! सगळे माना डोलावत होते, मीही डोलावली.

पण बहिरेपणामागे लपत नाही. यादी अकराजणींची असती तरी ते चूकच होतं. तू सांगितलेलं मी बाहेर सांगितलं, आणि त्याला प्रार्थना म्हटलं. आमच्या लोकांना ही खोडच आहे. कुणाची गोष्ट चघळायची असली की डोळे मिटायचे, की ती चहाडी राहत नाही. मी आयुष्यभर हे करत आलेय आणि ते मला परवा कळलं. माफ कर. लगेच नको, जमेल तेव्हा.

यादीवाल्या बाईंकडे जाऊन मी सातवा विषय काढायला लावला. शिवणवाल्या बाईंना मी स्वतः पत्र टाकलंय की ती मुलगी त्यांची नव्हे. कोण, ते लिहिलेलं नाही.

आता आईचं. अगं, मी मूर्ख, ‘पाठदुखीला गरम पाण्याची पिशवी’ म्हणून दोनदा सल्ला लिहिला तिला! तिने एकदा उत्तर दिलं होतं, ‘बरं वाटतं.’ दोन शब्द. मी म्हटलं, काय कमी बोलते ही.

एक ध्यानात ठेव. ती उठली नाही यात तुझ्या शक्तीचा काही संबंध नाही. बरणीचा नाही, शब्दांचा नाही. आणि उद्या कुणी म्हणालं की प्रार्थनेत विश्वास कमी पडला, तर तोही खोटं बोलतोय, मग तो पाळक का असेना, माझा सख्खा भाऊ का असेना. तुझी आई आजारी आहे. आजाराला डॉक्टर लागतो आणि माणसं लागतात. एकट्या मुलीने वही घेऊन मोजत बसायचं नसतं.

तुझ्या बापाला मी काहीही कळवलेलं नाही. त्याला सांगायचं ते तूच सांग, कसं आणि कधी ते तू ठरव. फक्त एक, हे मी आधीच सांगून ठेवते, मागून करणार नाही: नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आईला डॉक्टरकडे नेलं असं मला कळलं नाही, तर मी पिशवी भरून तुमच्या दारात उभी राहीन. तुझ्या विक्काविषयी चकार शब्द काढणार नाही. आईविषयी काढीन.

पानं परत पाठवतेय. मंत्रांना मी सुई लावलेली नाही. माझ्या हाताला ते झेपणार नाही, आणि तुला खोटं सांगायचं नाही. ती पानं जशीच्या तशी, तुझ्या क्रमाने, फीत बांधून ठेवलीयत. एकही काढलेलं नाही. पण सत्तर ते शंभर ही एकतीस पानं वेगळी करून मी शिवली. तू ‘बांधू नका’ म्हणालीस तरी शिवली, त्याचीही माफी. ती पानं म्हणजे कुणीतरी एका आजारी बाईकडे रोज बघत होतं याचा पुरावा आहे. घरात बाकी कुणी एवढ्या नीट बघत नव्हतं. मेणाचा दोरा, दुहेरी शिवण. डॉक्टरला दाखव.

आत्या


१ नोव्हेंबर

भिंगरे,

पोस्टमन रोज माझ्याकडे बघून आधीच मान हलवतो.

नाही लिहिलंस तरी चालेल. फक्त पाकिटात कोरा कागद घालून पाठव, म्हणजे पुडकं पोचलं एवढं कळेल. आईला माझं प्रेम. पाठीबद्दल विचारणार नाही.

आत्या


१९ नोव्हेंबर

आत्या,

पिशवी भरली असशील तर रिकामी कर. नको, भरलेलीच ठेव आणि ये. पण घाबरून येऊ नकोस.

तुला लिहिलं नाही कारण मला राग होता. अजून थोडा आहे. पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू, हे पण आहेच. चष्मिशला सांगितलं तर ती म्हणते, चंद्राला सांग.

तू शिवलेलं पुस्तक मी बावीस दिवस दप्तरात घेऊन फिरले. मग एका सकाळी बाबा आईचा ट्रे तयार करत होते. चहा, दोन बिस्किटं, आणि तो ट्रे तासाभराने तसाच परत येणार हे आम्हा दोघांना माहीत. मी ते पुस्तक ट्रेवर ठेवलं. बाबांनी उघडलं. एक पान, दुसरं, तिसरं. त्यांना समजवावं लागलं नाही. ते म्हणाले, ‘मला वाटत होतं तुला कळत नाहीये.’ मी म्हटलं, ‘मला वाटत होतं तुम्हाला दिसत नाहीये.’ चहा गार झाला.

मग मी म्हटलं, बाबा, सातव्या विषयातली मुलगी मीच. त्यांना आधी आठवेचना कुठला सातवा. मग आठवलं. ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मी वाट बघत होते की आता गरजतील. पण ते म्हणाले, ‘आणि लक्ष कुठे होतं असं मीच विचारलं.’ माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की दुखला.

सगळी पानं त्यांनी वाचली, मंत्रांची पण. त्यांना ते अजिबात पटलेलं नाही, दोन-तीनदा चेहरा असा झाला की जणू लिंबू चावलंय. पण त्यांनी विचारलं, हे का, ते का. मेणबत्तीचा रंग निळाच का. रागाने नाही गं, खरंच विचारत होते. उत्तर माहीत नसताना एखादा प्रश्न विचारताना मी बाबांना पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तुझं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, याने माझं अर्धं काम झालं. गोळ्या चालू आहेत. आठवडे लागतील म्हणाल्या, रविवारपर्यंत बरी होईल असं धरू नका. मी धरलेलं नाही.

माझं म्हणशील तर मंत्रांची पानं माझ्या कपाटात आहेत. टाकलेली नाहीत, आणि बाबांना दाखवली तेवढं सोडलं तर महिनाभर उघडलेली पण नाहीत. दृढीकरण या वर्षी नाही. बाबाच म्हणाले, खरं ‘हो’ आलं तर म्हण, नाही तर मी थांबतो. त्यांची मान खाली गेली नाही. मला वाटलं होतं तशी तर नाहीच.

आता कालचा रविवार. हे सांगायलाच खरं तर लिहायला बसले.

बाबांना आईचं यादीत घालायचं होतं. मी एवढ्या जोराने ‘नाही!’ म्हणाले की बाबा दचकले. म्हटलं, आईला न विचारता कुणीही तिच्यासाठी प्रार्थना करायची नाही, हे एकदा झालंय या घरात. मग आम्ही दोघं तिच्या खोलीत गेलो आणि विचारलं. ती भिंतीकडेच होती. आम्ही निघालो तेव्हा म्हणाली, ‘कागद ठेवा.’

चार ओळी लिहायला तिला दोन दिवस लागले. घडी घालून दिली. बाबांनी आधी वाचली नाही, मी पण नाही.

काल ती आली नव्हती. ते तिला जमण्यासारखं नव्हतं. बाबांनी छापलेली यादी संपवली, खिशातून तो कागद काढला, आणि म्हणाले, ‘हा विषय माझ्या बायकोने स्वतः लिहिलाय.’ मग वाचलं:

‘माझी पाठ दुखत नाही. मला उठावंसंच वाटत नाही, आणि का ते मला माहीत नाही. तुम्ही नऊ महिने दारात डबे ठेवून गेलात, जेवण चांगलं होतं, पण कुणी आत आलं नाही. प्रार्थना करा, आणि पुढच्या वेळी आत या.’

बाबांनी कागदाची परत घडी घातली. त्यांनी ‘प्रार्थना करू या’ म्हणायला हवं होतं, ते म्हटलंच नाही. कुणी डोळे मिटले नाहीत, आत्या. सगळे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी खोकेल आणि पुढचं गाणं सुरू होईल.

मग ऑर्गनवरच्या आजी, ज्या कधी कुणाशी बोलत नाहीत, त्या पाठमोऱ्याच बसून म्हणाल्या, ‘आज आलं तर चालेल का?’

त्यांनी बाबांना विचारलं होतं, पण बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मीच उभी राहिले. पंधरा वर्षांत त्या चर्चमध्ये मी पहिल्यांदा मोठ्याने, माझ्या स्वतःच्या शब्दांत बोलले. म्हटलं, ‘हो, या. पण तिला बरं वाटायला लावू नका. नुसत्या बसा.’

चारजणी आल्या. आज सकाळी परत आल्या, अजून इथेच आहेत.

तुझी,
भिंगरी